कच्चा लिंबू नको!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लगोरी असो, लपंडाव असो की गल्लीतलं क्रिकेट, आपल्याकडच्या पोरांच्या खेळात एक पद पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. ते म्हणजे कच्चा लिंबू. कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागतो, आई खिडकीतून ओरडते, "त्यालाही घ्या रे!" मग दोन्ही कप्तान एकमेकांकडे बघतात आणि तोडगा निघतो. घेऊ, पण कच्चा लिंबू. म्हणजे तो धावणार, ओरडणार, घामाघूम होणार; पण त्याच्यावर राज्य येणार नाही, तो बाद होणार नाही, आणि त्याने लगोरी रचली तरी ती मोजली जाणार नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला हे चालून जातं. पुढच्या मे महिन्यात त्याला गोम कळते, तो भांडतो, आणि पक्क्या खेळाडूंत जाऊन बसतो.

आज मला अशा मुलांविषयी बोलायचं आहे, ज्यांना भांडूनसुद्धा पक्कं होता येत नाही. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा हात उचलत नाही. आणि खेळ म्हणजे आजच्या मुलांचा जो मुख्य खेळ झाला आहे तोच, मोबाईलवरचा आणि संगणकावरचा व्हिडिओ गेम.

मी राहते खडकवासल्याला आणि काम करते व्यवसायोपचाराचं. इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी. आमच्या शास्त्राचं हे मराठी नाव मोठं फसवं आहे. एका आजोबांनी मला नातवाच्या धंद्यासाठी कर्जाची योजना विचारली होती! प्रत्यक्षात आमचं काम असतं माणसाला रोजचं जगणं जमवून देण्याचं. घास तोंडापर्यंत नेणं, शर्टाचं बटन लावणं, पेन धरणं. मोठ्या माणसाचा व्यवसाय नोकरी किंवा घरकाम असेल, पण मुलाचा व्यवसाय खेळ. तेव्हा खेळ हा माझ्या कामाचाच भाग आहे, तोंडी लावण्याची गोष्ट नव्हे.

"आधीच मुलं मोबाईलला चिकटलेली असतात, त्यात तुम्ही आणखी भर घालता का?" असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. धडधाकट मुलांच्या आईबापांना मीही हेच सांगते की मोबाईल काढून घ्या आणि मैदानावर पिटाळा. रविवारी आमच्या धरणाच्या चौपाटीवर कांदाभजी आणि भाजलेली कणसं खायला एवढी गर्दी लोटते, आणि समोर एवढं पाणी पसरलेलं असताना मुलं कठड्यावर बसून मोबाईलमध्ये डोकं घालून असतात. तेव्हा माझाही जीव चरफडतो. पण ज्या मुलाला मैदानावर जाताच येत नाही, त्याचं काय? त्याच्या वयाच्या पोरांचा कट्टा आता त्या पडद्यावर भरतो. शाळेत मधल्या सुट्टीत बोलणंही त्याचंच चालतं. तिथं त्याला शिरता आलं नाही, तर तो एका खेळाला मुकतो एवढंच नाही, दोस्तांनाच मुकतो.

धरणापलीकडच्या एका गावात मी तीन वर्षं एका मुलाकडे जात होते. त्याला डुशेन नावाचा स्नायूंचा आजार होता. हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. आधी पाय दुबळे होतात, मग खांदे आणि दंड. बोटांतली ताकद मात्र बरीच वर्षं टिकते. चौदाव्या वर्षी हा मुलगा चाकाच्या खुर्चीत होता. कपाळावरची माशी हाकलायला हात उचलत नसे, पण उजव्या हाताची दोन बोटं झकास चालत आणि डोकं त्याहून झकास. क्रिकेटमधले आकडे तर तोंडपाठ.

घर माणसांनी भरलेलं. चुलतभावंडं शाळेतून आली की मोबाईलवर क्रिकेटचा गेम सुरू. त्यात फटका मारायचा म्हणजे पडद्यावर बोट सर्रकन ओढावं लागे. याला बोट टेकवता येई, ओढता येत नसे. भावंडं प्रेमळ होती. त्यांनी युक्ती काढली. हा "मार!" म्हणणार आणि दुसरं कुणीतरी बोट ओढणार. षटकार गेला की याच्या नावाने टाळ्या. बाद झाला की कुणीतरी हळूच तो डाव पुसून नवा लावायचं. एक दिवस तो मला म्हणाला, "मॅडम, हे मला आऊटच होऊ देत नाहीत."

ही तक्रार मी आजवर विसरलेले नाही. हरायला मिळावं म्हणून कुणी रडतं का? पण खेळात हरण्याची भीती नसेल तर जिंकण्याला तरी काय अर्थ! त्याला घरच्यांनी लाडाने कच्चा लिंबू करून ठेवलं होतं.

आम्ही केलं ते अगदी साधं होतं. संगणकाचा एक जुना माउस उघडला, त्याच्या डाव्या बटनाच्या दोन टोकांना वायर जोडून ती बाहेर काढली आणि दुसऱ्या टोकाला हलक्या हाताने दबणारं मोठं बटन बसवलं. ते खुर्चीच्या हातावर, नेमकं त्याच्या दोन बोटांखाली पट्टीने बांधलं. मग लावला गूगल क्रोममधला तो डायनासोर. इंटरनेट बंद पडलं की दिसतो ना, निवडुंगांवरून उड्या मारत पळणारा, तोच. त्याला हवी एकच गोष्ट, वेळेवर उडी. ताकद नको, बोट ओढणं नको, फक्त वेळ साधायची. पाचही भावंडांचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायचं ठरलं. पहिल्या दिवशी हा पाचात पाचवा आला, आणि लगेच म्हणाला, "पडद्यावर उन्हाची तिरीप होती, माझा डाव धरायचा नाही." धाकटी बहीण म्हणाली, "धरायचाच!" मी दारात चपला घालत होते. त्या घरात त्याच्याशी इतकं कडकडून भांडलेलं त्याआधी मी कधी ऐकलं नव्हतं. महिनाभरात तो दुसऱ्या नंबरावर आला. पहिली शेवटपर्यंत ती धाकटीच.

मराठीत दोन शब्द आहेत, सवलत आणि सोय. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण कच्च्या लिंबाला मिळते ती सवलत. बोटांखालचं बटन ही सोय. हा फरक नेटका बघायचा असेल तर बुद्धिबळाचे नियम बघावेत.

डोळस माणसांच्या बुद्धिबळात नियम असा, की ज्या मोहऱ्याला हात लावला त्याचीच चाल करायची. मग दृष्टिहीन खेळाडूने काय करावं? त्याला तर पट कळतो तोच हात लावून. स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत यावर तोडगा आहे. त्याच्या पटावरची काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असतं आणि मोहऱ्याच्या बुडाला खुंटी असते. काळ्या मोहऱ्यांवर बोटाला कळेल अशी खूण असते. हातांनी हवं तेवढं चाचपा. मोहरं भोकातून उपसलं, की मगच हात लावला असं धरायचं. चाली मोठ्याने सांगायच्या असतात, पण बी, सी, डी, ई ही अक्षरं कानाला सारखीच वाटतात. म्हणून उभ्या रांगांना नावंच देऊन टाकली आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर. समोर डोळस खेळाडू असेल तर तो आपल्या नेहमीच्या पटावर खेळतो आणि हा आपल्या पटावर. पट दोन, डाव एक. घोडा दोघांचाही अडीच घरंच चालतो, आणि वजीर गेला तर गेला. यात दयामाया कुठेही नाही.

मुंबईचे चारुदत्त जाधव यांची दृष्टी लहान वयात गेली. बुद्धिबळाने त्यांना उभं केलं, आणि त्यांनी अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना उभी केली. ते स्वतः संगणकतज्ज्ञ. त्यांनी 'टॉक सिक्स्टीफोर' नावाचा बोलणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम तयार केला. चाल कळफलकावरून द्यायची आणि संगणकाची चाल कानाने ऐकायची. भारतातल्या अंध बुद्धिबळावर २०१२ मध्ये 'अल्गोरिदम्स' नावाचा माहितीपट निघाला, त्यात जाधवांबरोबर तीन मुलं दिसतात. त्यांतला बडोद्याचा दर्पण इनानी पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धांत सुवर्णपदकं घेऊन आला.

क्रिकेटचंही तसंच. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू प्लास्टिकचा असतो आणि आतल्या छऱ्यांमुळे खुळखुळतो. गोलंदाज हात खालून टाकतो आणि टाकण्याआधी फलंदाजाला तयार आहेस का ते विचारतो. ज्याला अजिबात दिसत नाही, त्याच्या धावा दुप्पट धरतात आणि त्याने एका टप्प्यानंतर घेतलेला झेलही चालतो. तुम्ही म्हणाल, ही तर सवलत झाली! मला तसं वाटत नाही. संघात पूर्ण अंध आणि थोडं दिसणारे असे दोन्ही प्रकारचे खेळाडू घ्यावेच लागतात, आणि या हिशेबामुळे पूर्ण अंध खेळाडू संघात नुसता भरतीचा राहत नाही. तो बाद झाला तर संघाचं दुप्पट नुकसान होतं. म्हणजे तो कच्चा लिंबू अजिबात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत अंध महिलांची पहिली टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा भारताने नेपाळला हरवून जिंकली, त्या संघाची उपकर्णधार गंगा कदम आपल्या महाराष्ट्राची.

आता वळू व्हिडिओ गेमकडे. इथे अडचण वेगळीच आहे. लाकडी पटाला तुम्ही भोकं पाडू शकता, चेंडूत छरे घालू शकता. गेम मात्र बनवणाऱ्याच्या हातून बाहेर पडला की तो बंद पेटीसारखा असतो. दृष्टिहीन लोक मोबाईल वापरतात तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने. अँड्रॉइडवर त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. बँकेचा संदेश तो वाचतो, वर्तमानपत्रही वाचतो. पण बहुतेक गेम आपला सगळा पडदा एका चित्रासारखा रंगवतात. त्यातलं 'सुरू करा' हे बटनही चित्रच. वाचणाऱ्याला त्यात एकही अक्षर सापडत नाही आणि तो गप्प बसतो. पुण्यातल्या एका दृष्टिहीन बी.ए.च्या विद्यार्थिनीने मला सांगितलं, "मैत्रिणी मोबाईलवर ल्युडो खेळतात तेव्हा माझा फोन मुका होतो." घरच्या पाटावरचा ल्युडो ती बोटांनी चाचपून आरामात खेळते. म्हणजे खेळ तोच, मुलगी तीच. मधे नवं यंत्र आलं आणि ती बाद झाली. गेम बनवण्याच्या काही साधनांत आता वाचून दाखवण्याची सोय येऊ लागली आहे, पण ती वापरायची की नाही हे बनवणाऱ्यावर असतं.

नभोवाणीच्या श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. जपानमध्ये केन्जी एनो नावाचे एक गेम बनवणारे होते. आपले गेम काही दृष्टिहीन माणसंही खेळतात असं त्यांच्या कानावर आलं. त्यांच्या गेममध्ये चित्रंच चित्रं होती. मग ही माणसं खेळतात तरी कशी, म्हणून ते त्यांना जाऊन भेटले. ती माणसं नुसत्या आवाजांवरून, पुन्हा पुन्हा चुकत, चिकाटीने खेळत होती. एनोंनी मग १९९७ मध्ये 'रिअल साउंड' नावाचा एक गेम काढला. त्यात पडद्यावर चित्र नाहीच. फक्त संवाद, पावलं, वारा, आणि मधे मधे घंटा वाजली की पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याने निवडायचं. म्हणजे आपलं नभोनाट्यच, फक्त कथेची वाट श्रोत्याने ठरवायची! डोळस आणि अंध त्यात एकाच पातळीवर. असे आणखी श्राव्य गेम नंतर निघाले, पण दुकानात मांडले जाणारे मोठे गेम बराच काळ तसेच राहिले.

त्यांत फरक दिसला तो २०२० मध्ये. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात बनवणाऱ्यांनी साठाहून अधिक सोयी दिल्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला जातो, एक बटन दाबलं की पुढची वाट कुठे ते कळतं, हवं तर सगळं दृश्य करड्या रंगाचं होऊन शत्रू एका गडद रंगात आणि सोबती दुसऱ्या रंगात दिसतात, आणि प्रत्येक कृतीला वेगळा आवाज. गेम प्रौढांसाठीचा आहे, रक्तपात पुष्कळ, लहान मुलांना दाखवू नये. पण अजिबात न दिसणाऱ्या माणसांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पार केला. हे साधलं कारण बनवतानाच दृष्टिहीन खेळाडूंना सल्लागार म्हणून बसवलं होतं. त्यांतले अमेरिकेचे ब्रँडन कोल पुढे मोटारशर्यतीच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' या २०२३ च्या गेमसाठी धडपडले. त्यात अंध माणसाला शर्यत पळवता येते. वळण कुठून सुरू होतं, गाडी रस्त्याच्या कोणत्या कडेला सरकली, हे सगळं आवाज सांगतात. कोल यांचं २०२४ मध्ये निधन झालं. त्याच २०२३ मध्ये 'स्ट्रीट फायटर' या मारामारीच्या जुन्या गेमच्या सहाव्या आवृत्तीत प्रतिस्पर्धी किती लांब आहे ते आवाजावरून कळण्याची सोय आली. नेदरलँड्सचा स्वेन व्हान द वेगे हा अंध खेळाडू डोळसांच्या स्पर्धांत उतरतो, तो याच गेममध्ये. ठोसे चुकवताना समोरचा त्याला माफ करत नाही.

ऐकू न येणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट. आपली मुलं पबजी म्हणून जो गेम खेळत, त्यात शत्रूच्या पावलांचा आवाज आला की कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर पावलांची खूण उमटते. माझ्या माहितीतला एक कर्णबधिर मुलगा त्या खुणेकडे ससाण्यासारखा डोळा ठेवून असतो आणि मित्रांना हाताने खुणावतो. गंमत म्हणजे ऐकू येणारी पोरंही गेमचा आवाज बंद करून त्या खुणांवरच खेळतात. का, ते शेजारच्या खोलीत झोपलेल्या वडिलांना विचारा.

काही अडचणी तर घरच्यांच्या लक्षातही येत नाहीत. लाल आणि हिरवा रंग वेगळे न ओळखणारे पुरुष आपल्यात पुष्कळ आहेत. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने बायकांत तो फार कमी. आमच्या शेजारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तेव्हा भागातल्या पोरांना सैन्याचं वेड. असाच एक मुलगा अठराव्या वर्षी वैद्यकीय तपासणीत रंगांच्या चाचणीत अडला, आणि तेव्हा घरच्यांना उलगडा झाला की लहानपणी हा ल्युडोत दुसऱ्याची सोंगटी का उचलायचा आणि "रडी खातो" म्हणून मार का खायचा! यावर उपाय किती सोपा. रंगाबरोबर आकार द्यायचा. लाल सोंगटीवर चांदणी, हिरवीवर गोल. एका पैशाचा खर्च नाही, आणि डाव कुणालाच सोपा होत नाही.

हाताची गोष्ट जरा अवघड. गेमचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरून दोन अंगठे आणि चार बोटं चालवायची असतात. ज्याला एकच हात आहे किंवा एकही चालत नाही, त्याने काय करावं? १९८९ मध्ये निन्टेंडो कंपनीने छातीवर बांधायचा कंट्रोलर काढला होता, हनुवटीने दांडी हलवायची आणि नळीतून फुंकर मारली किंवा हवा ओढली की बटन दाबलं जायचं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक पेटी आणली. तिच्यावर दोन मोठी बटनं आणि मागे एकोणीस भोकं. हेडफोनची पिन जाते तशी. प्रत्येक भोकात ज्याला जे जमेल ते जोडायचं: पायाखालचं बटन, डोक्यामागचं बटन, कोपराने हलवायची दांडी. तिचं खोकंही एका हाताने उघडेल असं केलं आहे. सोनीनेही २०२३ मध्ये स्वतःचा असा कंट्रोलर आणला. त्याआधी, २०१७ पासून मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर दोन कंट्रोलर मिळून एक खेळाडू धरण्याची सोय आहे. माझ्या त्या दोन बोटांच्या मुलाने धायरीला आत्याकडे जाऊन ती वापरली. भाऊ पळवायचा आणि उडी मारायचं काम याच्याकडे. उडी चुकली की दोघंही दरीत. मग कुणामुळे पडलो यावर रात्री जेवणापर्यंत वाद.

आता एक वाद असा आहे, ज्यात मी कुणाची बाजू घेते ते सांगूनच टाकते. काही गेम मुद्दाम कठीण बनवलेले असतात. २०१९ मध्ये 'सेकिरो' हा जपानी गेम आला तेव्हा, त्यात सोपी पातळी असावी की नाही यावर जगभर वाद पेटला. जाणकार म्हणत, अवघडपणा हाच त्याचा प्राण, तो काढला तर उरतं काय? त्याआधीच्या वर्षी आलेल्या 'सेलेस्ट' या डोंगर चढण्याच्या गेमने दुसरी वाट धरली होती. गेम आहे तसाच कठीण. पण हवा असेल त्याने वेग थोडा कमी करावा, दम जास्त घ्यावा, किती ते स्वतः ठरवावं. मला ही दुसरी वाट पटते. ज्याची बोटं निम्म्या वेगाने चालतात, त्याच्यासाठी निम्म्या वेगाचा गेम तुमच्या-माझ्याइतकाच कठीण असतो. सिंहगड चढताना कुणी काठी घेतली म्हणून गड बुटका होत नाही. किती मदत हवी ते खेळणाऱ्याने ठरवलं, तर तो कच्चा लिंबू होत नाही. दुसऱ्यांनी परस्पर ठरवलं, की होतो.

हे मी खडकवासल्याला राहून बोलते आहे, त्याला आणखी एक कारण आहे. प्रबोधिनीत देशभरातून सतरा-अठरा वर्षांची निवडक मुलं येतात. प्रशिक्षण खडतर, आणि त्यात काही जणांना कायमची इजा होते. कुणाचा मणका, कुणाची मान. सेवेत रुजू होण्याआधीच ती बाहेर पडतात. प्रबोधिनीतून आणि तशा इतर संस्थांतून अशा कारणाने घरी परतलेल्या मुलांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्यांचं निवृत्तिवेतन, उपचार, नोकरी या मोठ्या गोष्टी, त्या न्यायालय बघेल. माझ्या मनात येतं ते असं, की कालपर्यंत पोहणं, घोडदौड आणि बॉक्सिंग यांत बुडालेल्या विशीतल्या मुलाला खेळणं अचानक थांबलं की कसं वाटत असेल? पुण्यातच खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. तिथं चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. चेंडू मांडीवर असताना चाकाला दोनदाच धक्का द्यायचा, तिसऱ्या आधी चेंडू आपटायचा किंवा दुसऱ्याकडे द्यायचा, नाहीतर चूक धरली जाते. खुर्च्या एकमेकींवर आदळतात, माणसं पालथी पडतात, उठतात. सांगलीकडचे आपले मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे, १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. अशा खेळांना कुणी करमणूक म्हणून हसण्यावारी नेत नाही. ज्याची मानेखाली हालचाल उरलेली नाही, त्याला हनुवटीने खेळायचा गेमही त्याच मापाने मोजावा, एवढंच माझं म्हणणं.

गेम परदेशातच बनतात अशी आपली समजूत असते, ती बरोबर नाही. २०२० मध्ये जगभर गाजलेला 'राजी' हा गेम पुण्याच्या मुलामुलींनी बनवला. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्येच पुण्यात स्टुडिओ थाटला. म्हणजे बनवणारे आणि ज्यांना खेळायचं आहे ते, एकाच शहरात राहतात. कोरेगाव पार्कच्या अंधशाळेपर्यंत रिक्षाने जाता येतं. आमच्या गावात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनची संस्था. बंदर किंवा धरण बांधण्याआधी तिथं त्याची लहान प्रतिकृती करतात, तीत पाणी सोडून बघतात, कुठे फुटतं, कुठे गाळ साचतो. काँक्रीट ओतल्यावर पाण्याला विचारून काय उपयोग? गेम बनवणाऱ्यांनीही पहिला कच्चा आराखडा झाला की एक दृष्टिहीन, एक कर्णबधिर, एक दोन बोटांनी खेळणारा असे तिघे बोलवावेत आणि त्यांच्या हातात तो द्यावा. तेव्हा बदल करायला दुपार लागते. वर्षभराने सगळं पुन्हा लिहावं लागतं.

कायदा आपल्याकडे २०१६ पासून आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला गेमचा नव्हता. त्यातल्या एक अर्जदार ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या होत्या, आणि बँकेसाठी ओळख पटवताना मोबाईल त्यांना डोळे मिचकावून दाखवायला सांगत होता. पडद्यावर बोट ओढ म्हणणारा गेम आणि डोळे मिचकाव म्हणणारी बँक, दोघांनी समोरच्या माणसाविषयी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते. अमेरिकेत गेममधून आपसात बोलण्याची सोय अपंगांनाही वापरता आली पाहिजे असा कायदाच २०१९ पासून गेमना लागू आहे. आपल्याकडे गेम मराठीत बोलेल तोच सुदिन, त्यात आणखी हे!

पण थांबून राहायचं कारण नाही. तुमच्या घरी असं मूल असेल किंवा हात थरथरणारे आजोबा असतील, तर मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग उघडा. बोट किती वेळ टेकवल्यावर दाबलं असं धरायचं, ते तिथं वाढवता येतं. न ओळखता येणारे रंग बदलून घेता येतात. एका कानाने ऐकणाऱ्यासाठी दोन्हीकडचा आवाज एकत्र करता येतो. बाहेरून जोडलेल्या एका बटनाने सगळा फोन चालवण्याची सोयही तिथंच असते; अँड्रॉइडवर तिला स्विच ॲक्सेस म्हणतात. मी ज्या घरांत जाते, तिथे दहा-दहा हजारांचे फोन असतात आणि हा भाग बहुधा कुणी उघडलेला नसतो.

परदेशी कंट्रोलर महाग पडतात. मायक्रोसॉफ्टची ती पेटीच शंभर डॉलरला होती, आणि वरची बटनं वेगळी घ्यायची. म्हणून मी अजून जुन्या माउसवरच काम भागवते. वायर जोडताना एकच काळजी घ्यायची, डाग बटनाच्या दोन टोकांनाच लागला पाहिजे, शेजारच्या पट्टीला नाही. बटन म्हणून दारावरच्या घंटीचं चालतं, फार जड असेल तर आतली स्प्रिंग बदलायची. सिंहगड रस्त्यावरचा एक मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा मला हे डाग लावून देतो. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले माउस तो आता फेकत नाही. काउंटरखाली एका बुटाच्या खोक्यात साठवतो, आणि खोकं भरलं की मला फोन करतो.